शांतवन मास्तरांचे चौथे कडवे

इसवी सन २०१९, ऑक्टोबर महिन्यातील एक शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतरची वेळ. स्थळ कतार देशाची राजधानी दोहा, अल हिलाल वस्तीतील आमचा दिवाणखाना. मंडळाच्या वार्षिक मैफलीची निवडसमिती या वेळी व या स्थळी भरली होती, हे आरंभीच नमूद करतो. कारण पुढे या बैठकीविषयी नाना कथा प्रसृत झाल्या, आणि त्यांपैकी एकीत तर ती अल वक्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावर भरल्याचे सांगितले जाते.

समितीत आम्ही तिघे होतो. अध्यक्षा मालविका, या एका गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असून बैठका वेळेत संपविण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. दुसरे जाफरभाई, रत्नागिरीचे. व्यवसायाने सुट्या भागांचे व्यापारी आणि वृत्तीने हार्मोनियमवादक. तिसरा मी. माझ्याकडे निवेदन असे. मराठी माणसाच्या मैफलीत गाणे नुसते गाता येत नाही. ते कोणी, केव्हा, कोणत्या मनःस्थितीत रचले हे आधी कोणीतरी सांगावे लागते, तेव्हा कोठे श्रोत्यांना ते ऐकल्याचे समाधान लाभते. हे काम मी दोह्यात अनेक वर्षे करीत आलो आहे. माझी पत्नी आसावरी समितीची सभासद नव्हती. परंतु चहा तिचा असल्यामुळे मत देण्याचा हक्क ती बजावीत असे.

मैफलीचा नियम एकच होता आणि तो मीच लिहिला होता: केवळ मूळ मराठी रचनाच सादर होतील. आदल्या वर्षी एका गृहस्थाने हिंदी चित्रपटगीताचा मराठी अवतार गायिला होता. तो गायिला याचे मला तितके वाईट वाटले नाही. त्याला 'वन्स मोअर' मिळाला, याचे वाटले.

त्या दिवशी अरुणकुमार साळवे आपला अर्ज घेऊन आला. हा नगर जिल्ह्यातला, वय चाळिशीचे, एका स्टेडियमच्या कामावर सर्वेक्षक. फुटबॉलचा विश्वचषक तीन वर्षांवर येऊन ठेपलेला, त्यामुळे त्याचे आणि माझे दोघांचेही दिवस सिमेंटच्या धुळीत जात. फरक इतकाच की तो स्टेडियम मोजी आणि मी त्याच्याविषयी लिहिलेले कागद तपाशी. शुक्रवारी सकाळी तो येथील चर्चमध्ये गातो. आवाज मोकळा, किंचित जाड, आणि सुराला घट्ट धरून ठेवणारा. त्याने निवडलेले गाणे त्यांच्या गावाकडे 'कंदील' या नावाने ओळखले जाते, आणि ते एका जुन्या अमेरिकन भक्तिगीताचे मराठी रूप आहे, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले.

मी नियम वाचून दाखविला.

त्यावर त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. त्याची आई विठाबाई मुलाकडे पाहुणी म्हणून आली होती आणि मैफलीनंतरच्या आठवड्यात परत जाणार होती. मराठी शब्द तिच्या वडिलांनी, म्हणजे शांतवन मास्तरांनी लिहिले. जिल्ह्यातल्या अनेक चर्चमध्ये ते गाणे नाताळाला आणि मयताला हमखास म्हटले जाते; पण गीतांच्या पुस्तकात त्याखाली 'इंग्रजीवरून' एवढेच छापले आहे. वडिलांचे नाव एकदा तरी व्यासपीठावरून, चर्चबाहेरच्या मराठी माणसांसमोर उच्चारलेले ऐकावे, अशी तिची इच्छा. "तिनं मागितलं नाही काही," अरुणकुमार म्हणाला, "मीच बोलून बसलोय तिला, की होईल म्हणून."

आसावरीने माझ्याकडे पाहिले. जाफरभाई म्हणाले की चाल कुठलीही असू दे, पट्टी सांगा, मी वाजवतो. मी म्हणालो की प्रश्न पट्टीचा नसून तत्त्वाचा आहे: सूर परका, आशय परका, मग मराठीपण नेमके कोठे वसते? माझा हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. मालविकांनी घड्याळ पाहिले आणि त्या म्हणाल्या, "सर, तुम्हीच इन्व्हेस्टिगेट करा ना. तुमचा रिपोर्ट येईल तो फायनल." वाद मिटविण्याची ही त्यांची जुनी रीत आहे. जो सर्वांत जास्त बोलतो त्याला काम द्यावयाचे. हे मला ठाऊक असूनही दर वेळी मला आनंदच होतो.

पुढच्या शुक्रवारी मी नव्याने सुरू झालेल्या मेट्रोने अल वक्र्याला गेलो. शेवटच्या स्थानकावर अरुणकुमार गाडी घेऊन उभा होता. विठाबाई त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीपाशी लसूण सोलीत बसल्या होत्या. जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पांढरे पातळ, करडी वेणी, आणि वर्गातल्या मागच्या बाकावर कोण काय करतो आहे हे न वळता ओळखणारी नजर. मी नमस्कार करून माझ्या आगमनाचे प्रयोजन निवेदन केले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मुलाला विचारले, "हे रोजच असं बोलतात का?"

अरुणकुमारने चहा आणण्याचे निमित्त केले.

"रागावू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमचे मिशनचे डॉक्टरसाहेब अगदी तुमच्यासारखं बोलायचे. पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून मराठी शिकले होते. रोगी माना डोलवायचे, आणि औषध कधी घ्यायचं ते बाहेर येऊन कंपाउंडरला विचारायचे."

गाण्याचा इतिहास या डॉक्टरसाहेबांपासून सुरू होतो. ते अमेरिकेतल्या टेनेसी प्रांताचे. प्रवरेकाठच्या दवाखान्यात रुजू होताना त्यांनी आपल्याबरोबर किल्लीचा ग्रामोफोन आणि मोजक्या तबकड्या आणल्या होत्या. त्यांतल्या एकीवर हे गाणे होते. गावातली मुले संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर जमत, आणि डॉक्टर त्यांना ते ऐकवीत. रात्री नदी ओलांडणारा एक माणूस पलीकडे उभ्या असलेल्याला विनवितो आहे की कंदील लाव, मला काठ दिसू दे. एवढाच त्याचा विषय. प्रवरेला पूर येई तेव्हा तर हा विषय मुलांना समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

मात्र तबकडीला एक खोड होती. डॉक्टरांच्या धाकट्या मुलाने तिच्यावर खिळ्याने चित्र काढले होते, अगदी मध्यभागी चिकटविलेल्या नावाच्या कागदाला लागून. परिणामी तीन कडवी सुरळीत होत आणि चौथे सुरू होताच सुई घसरून थेट मधोमध जाऊन खरखरत बसे. चौथ्या कडव्यात काय आहे हे डॉक्टरांना विचारले असता ते म्हणत की मनुष्य पोहोचतो. नेमके शब्द त्यांनाही आठवत नसत. शांतवन मास्तर शाळेत शिकवीत आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवीत. त्यांनी पहिल्या तीन कडव्यांचे मराठी केले. पुढे नाताळ आला. गाणे बसविलेले, मुले तयार, आणि माणूस अजून नदीच्या मध्यभागीच. सणाच्या दिवशी त्याला तसाच पाण्यात ठेवणे बरे दिसेना, म्हणून मास्तरांनी त्याला आपल्या हाताने काठाला लावले.

विठाबाईंनी लसणाची पाटी बाजूला ठेवली आणि गाणे म्हणून दाखविले. आवाज वयाने पातळ झालेला होता, पण चाल पक्की होती. आरंभ असा होता:

पैलतीरी लाव कंदील, गड्या, रात भरून आली,
नाव माझी लहान आणि नदी मोठी झाली.

आणि मास्तरांचे चौथे कडवे असे:

पोचलो मी; दमलास तू, आत जाऊन जेव,
मागं अजून नावा येती, दिवा माझ्या हाती ठेव.

दुसऱ्या ओळीत काही मात्रा अधिक होतात, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्या म्हणाल्या की म्हणताना बसतात. मी ओळ मोजली. मग म्हणून पाहिली. बसतात, हे मान्य करणे भाग पडले. परंतु मोजताना बसत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

एका बाजूची साक्ष घेऊन निर्णय देणे माझ्या प्रकृतीत नाही. मी कामावर चौकशी आरंभिली, तो या गाण्याने निम्मे जग व्यापलेले निघाले. आमचा मल्याळी फोरमन म्हणाला की हे त्याच्या आजोळच्या चर्चमधले जुने मल्याळी गाणे असून ते अमेरिकनांनी उचलले आहे. फिलिपिनो सुरक्षा-अधिकारी म्हणाला की ते त्याच्या बेटावरच्या कोळ्यांचे आहे. एकाकडे कंदिलाची समई झाली होती, दुसऱ्याकडे दीपगृह. आणि नदी तर प्रत्येकाने आपापल्या भूगोलानुसार रुंद करून घेतली होती. दोघेही माझ्याशी भांडावयास तयार होते, त्यामुळे ते दोन दिवस मोठ्या समाधानाचे गेले.

शेवटी मी आमच्या वृद्ध सल्लागारांकडे गेलो. तेही टेनेसीचे, गवताने भरलेल्या मैदानाचा निचरा कसा व्हावा हे सांगण्यासाठी त्यांना या वाळवंटात आणले होते. त्यांच्या केबिनमध्ये विश्वचषकास उरलेले दिवस दाखविणारा फलक होता, आणि ते त्याच्याकडे पाठ करून बसत. गाण्याची पहिली ओळ मी इंग्रजीत सांगताच त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवले. गाणे त्यांच्याच डोंगरातले, सूतगिरणीत काम करणाऱ्या एका बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर रचलेले. आधी ते गिरणीच्या चाळीत पसरले, मग रेडिओवर गेले. पुढे गिटार घेऊन उभा राहणारा प्रत्येक गवय्या ते गाऊ लागला, आणि बाईंना त्याचे काही मिळाले नाही.

मी चौथे कडवे विचारले. ते म्हणाले की त्यात माणूस पोहोचतो, त्याला शुभ्र झगा मिळतो, मुकुट मिळतो आणि नदीकाठी स्वतःचे घर मिळते. मग मी शांतवन मास्तरांचे कडवे त्यांना इंग्रजीत उलगडून सांगितले. त्यांनी ते पुन्हा सांगावयास लावले. नंतर म्हणाले की त्यांच्या आजीच्या घरी चौथे कडवे कोणाला आवडत नसे, सारे जण पुन्हा पहिल्यावर येत, आणि असे का होते हे त्यांना आज कळले. आमच्याकडे पोहोचलेला माणूस मागे वळून पाहत नाही, असे काहीसे ते म्हणाले. मग हेल्मेट डोक्यावर ठेवून निचरा पाहावयास निघून गेले.

आता माझा निष्कर्ष सिद्ध होता. समितीपुढे मी तो मांडला: पहिली तीन कडवी अनुवादित, सबब अपात्र, चौथे कडवे आशयाने व शब्दाने पूर्णतः स्वतंत्र, सबब पात्र. चाल परकी असली तरी नियमात 'रचना' असा शब्द आहे, चालीचा उल्लेख नाही. अतएव अरुणकुमार साळवे यांस चौथे कडवे गाण्याची अनुमती असावी.

जाफरभाईंनी भाता दाबून पेटीतली हवा सोडली. मालविकांनी विचारले की फक्त चौथेच का. मी म्हणालो, फक्त चौथेच. अहवाल अंतिम असे त्यांनीच ठरविले होते. त्यामुळे त्यांचा इलाज नव्हता. अरुणकुमार 'बरं सर' म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याचे ते 'बरं' मला फारसे बरे वाटले नाही, पण नियम आणि माझा कान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना आसावरी म्हणाली, "म्हणजे माणूस पोचला एवढंच सांगायचं. निघाला कुठून, बुडत होता की पोहत होता, ते नाही."

मी म्हणालो, "ते सांगण्यासाठीच निवेदन असते."

"मग त्या माणसाचं काही खरं नाही," ती म्हणाली.

मी निवेदनावर परिश्रम घेतले, हे माझे शत्रूही नाकारणार नाहीत. त्यात सूतगिरणी होती, रेडिओ होता, आगबोटीने आलेली तबकडी होती, खिळा होता, समई आणि दीपगृह होते. इतिहास क्रमाने सांगावा: आधी कारण, नंतर कार्य, हे गद्याचे पहिले शील होय. म्हणून शांतवन मास्तरांचे नाव त्यात सर्वांत शेवटी, जेथे ते कळसासारखे शोभेल अशा ठिकाणी योजिले होते.

मैफल नोव्हेंबरात एका शाळेच्या सभागृहात झाली. विठाबाई पहिल्या रांगेत होत्या. अंगावर जांभळे इरकल, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शाळेने सभागृह सातपर्यंतच दिले होते, आणि आधीच्या गायकांनी नेहमीप्रमाणे घड्याळाला भीक घातली नव्हती. मी उभा राहिलो. सूतगिरणीला श्रोते गंभीर झाले. रेडिओला काहींनी फोन काढले. मी आगबोटीत असताना जाफरभाईंनी हळूच सूर धरून पाहिला. तबकडी बैलगाडीत चढली तोच विंगेतून मालविकांनी मनगटावर बोट आपटले. मी प्रवरेच्या पुराकडे वळलो, तेव्हा त्यांनी दोन्ही हात आडवे हलविले. जाफरभाई पेटीआडून पुटपुटले, "सोवनीसाहेब, खलास. यल्ला, चला, गाऊ दे त्याला." आणि त्यांनी भाता ओढून सूर एवढा मोठा केला की माझे पुढचे वाक्य त्यातच बुडाले.

मी बाजूला झालो. अरुणकुमार पुढे आला आणि त्याने चौथे कडवे गायिले. दोन ओळी त्या. पुन्हा एकदा म्हटल्या, आणि संपले. टाळ्या वाजाव्यात की अजून काही आहे, हे कोणाला कळेना. मागून एका मुलाने इंग्रजीत आईला विचारले की कोण पोहोचला. आईने कार्यक्रमपत्रिका उलटून पाहिली.

तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले की एवढ्या विस्तृत निवेदनात मी टेनेसीच्या गिरणीतील चात्यांचे वर्णन केले होते, खिळ्याची लांबी सांगितली होती, आणि शांतवन मास्तरांचे नाव उच्चारलेच नव्हते.

विठाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मुलाकडे पाहत होत्या. सभागृह शांत होते, म्हणून त्यांचा आवाज सर्वांना ऐकू गेला.

"अरुण, पहिल्यापासून म्हण."

अरुणकुमारने मालविकांकडे पाहिले. मालविकांनी माझ्याकडे पाहिले. सभागृहाचा रखवालदार दारात उभा होता. तोही, का कोण जाणे, माझ्याकडेच पाहू लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी नियम मोडला, अशी जी वदंता आहे ती निराधार आहे. नियम सादर होणाऱ्या रचनांना लागू होता. निवेदनही मूळ मराठी असले पाहिजे, अशी अट त्यात कोठेही नव्हती. आणि माझे निवेदन अपूर्ण राहिले होते, हे शेकडो माणसांनी पाहिले होते. मी ध्वनिवर्धकापाशी गेलो.

"निवेदनाचा उरलेला भाग," मी म्हणालो, "श्री. अरुणकुमार साळवे गाऊन सादर करतील. शब्द त्यांच्या आजोबांचे. शांतवन मास्तर."

व्यासपीठावरून मी याहून लहान बोललेलो नाही.

अरुणकुमारने मान खाली घालून एकदा घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रात भरून आली, नदी मोठी झाली. दुसऱ्या कडव्याला जाफरभाईंच्या बोटांना चाल सापडली. तिसऱ्याला, ध्वनियंत्रणा सांभाळणारा फिलिपिनो तरुण आपल्या भाषेत खालचा सूर लावू लागला. त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे त्यालाही नियम लागू नव्हता. चौथ्या कडव्याला मागे वळून पाहणाऱ्या त्या माणसाने हात पुढे केला, दिवा माझ्या हाती ठेव म्हणाला, आणि या वेळी कोण पोहोचला हे कोणाला विचारावे लागले नाही. रखवालदाराने दिवे मालविले नाहीत. अरुणकुमारने शेवटची ओळ पुन्हा म्हटली, आणि श्रोत्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. अधिक मात्रांसकट ती त्यांना पहिल्या फटक्यात बसली.

विठाबाईंचे ओठ हलत होते. पर्सवरचा एक हात उठून चष्म्याखाली गेला आणि पुन्हा जागेवर आला.

नंतर व्हरांड्यात वडे आणि कडक चहा होता. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. कोणी ना कोणी येऊन त्यांना मास्तरांविषयी विचारी, आणि त्या दर वेळी नाव पुन्हा नीट सांगत, हजेरी घेतल्यासारखे. मी प्लेट घेऊन त्यांच्यापाशी गेलो. नाव उशिरा आले याबद्दल दोन शब्द बोलण्याचा माझा विचार होता; परंतु बोलता बोलता मी मूळ प्रश्नाकडे वळलो, आणि तीन कडवी तत्त्वतः अनुवादितच असल्याने समितीचा निर्णय अबाधित आहे, हे त्यांना सविस्तर समजावून सांगितले. आसावरीने माझ्या बाहीला हलकेच ओढले. मी तरीही विचारले की त्यांचे स्वतःचे मत काय, हे गाणे त्या मराठी मानतात की नाही.

विठाबाईंनी वड्याचा तुकडा संपविला, बोटे कागदाला पुसली आणि माझ्याकडे पाहिले.

"गाणं मराठी आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "भाषणाचं मला सांगता येणार नाही."